कल्पनेचा सातबारा

आमच्या रिहे गावात जमिनीचा व्यवहार करताना माणूस किती सावध असतो, हे ज्याने पाहिले नसेल त्याने एकदा तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर तासभर बसून पाहावे. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा, चतुःसीमा, कूळ होते की नव्हते, सोसायटीचा बोजा उतरला की तसाच आहे, बहिणींची हक्कसोड झाली की राहिली. एक गुंठा घ्यायचा झाला तरी एवढी चौकशी होते. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी माण-घोटावड्याच्या बाजूने आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी येऊन ठेपली, तेव्हापासून तर चौथीत शाळा सोडलेला म्हातारासुद्धा फेरफाराची नोंद खडाखडा वाचून दाखवतो. हे शहाणपण त्याला कोणी शिकवलेले नाही. ते त्याने पैसे मोजून विकत घेतले आहे.

आणि हीच माणसे गेल्या काही वर्षांत उतारा न पाहता, बांध न पाहता, विकणारा कोण हेही न विचारता, लाख-दोन लाख रुपये एका अदृश्य मालमत्तेवर लावू लागली आहेत. त्या मालमत्तेचे नाव पेटंट. एखाद्या कंपनीकडे म्हणे इंटरनेट वेगाने चालवणाऱ्या चिपचे पेटंट आहे, उद्या देशातल्या प्रत्येक मोबाईलमागे आणि प्रत्येक घरातल्या जोडणीमागे तिला रॉयल्टी मिळणार आहे, म्हणून तिचा शेअर आज घेऊन ठेवायचा. पारावर पूर्वी गुंठ्याचा भाव निघे, आता रॉयल्टीचा निघतो. कलाशाखेच्या मुलीने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यासमोर येतो, मग तो खताच्या पिशवीवरचा असो की शेअरबाजारातला. तेव्हा पडावे लागले.

कायद्याच्या पुस्तकातली व्याख्या मी देत बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर पेटंट म्हणजे कल्पनेचा सातबारा. सरकार संशोधकाला म्हणते, तुझी युक्ती सर्वांना समजेल अशी लिहून दे; त्याच्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती तुझ्या परवानगीवाचून कोणी वापरणार नाही. ज्याला वापरायची असेल तो मालकाला ठरलेली रक्कम देईल. ही रक्कम म्हणजे रॉयल्टी. आपल्याकडे खंडाने जमीन कसणारा मालकाला जो खंड देतो, त्यातलाच प्रकार. सातबाऱ्याशी साम्य इथेच संपत नाही. गाव नमुना सातवर भोगवटादाराचे नाव असते आणि बारावर शेतात प्रत्यक्ष पीक काय आहे ते असते. पेटंटच्या नोंदवहीतही मालकाचे नाव असते. आणि आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे पेटंटधारकाला नमुना २७ भरून कळवावे लागते की या शोधाचा देशात प्रत्यक्ष वापर होतो आहे की तो नुसता पडून आहे. पूर्वी हे दरवर्षी कळवावे लागे, २०२४ च्या नियमांपासून दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा. शेतसाऱ्यासारखे नूतनीकरणाचे शुल्कही भरावे लागते; ते थकले की हक्क गेला. आणि यातले बरेचसे कोणालाही पाहता येते, तलाठ्याला चहा न पाजता.

पण फरकही आहेत आणि आमच्या लोकांना जे कोणी सांगत नाही ते नेमके त्या फरकांत आहे. जमीन आजोबांकडून नातवाकडे येते, पेटंट वीस वर्षांनी मरते. जमिनीच्या हद्दी मोजणीदार खुंट्या ठोकून दाखवतो, कल्पनेच्या हद्दी वकिलांच्या शब्दांत असतात आणि दुसरा वकील त्या पुसूही शकतो. अमेरिकेतले पेटंट अमेरिकेपुरते, भारतातले भारतापुरते. शिवाय दिलेले पेटंट परत घेतले जाऊ शकते. हळदीचे प्रकरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने दाखले पुढे केले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. समजा, त्या हळदीच्या रॉयल्टीवर कोणी शेअर विकले असते आणि आमच्या गावाने ते घेतले असते तर? प्रत्येकाच्या घरात हळद असूनही गाव बुडाले असते.

आता चिपकडे येते. या विषयात मला गोडी लागली ती एका उदाहरणाने, आणि ते समजावून घेताना आमची खाचरे कामी आली. टेलिफोनची जुनी तांब्याची तार आवाजासाठी घातलेली होती. तिच्यातून इंटरनेटची माहिती वेगाने पाठवायची तर अडचण अशी की तार सगळीकडे सारखी चांगली नसते. काही कंपनांवर आवाज स्वच्छ जातो, काहींवर नुसती खरखर. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन सिऑफी यांनी ज्या पद्धतीचा पाठपुरावा केला ती अशी: त्या एका तारेचे शेकडो अरुंद पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्टा तपासायचा, जिथे जागा चांगली तिथे जास्त माहिती भरायची, जिथे खरखर तिथे थोडी किंवा मुळीच नाही. एडीएसएल म्हणतात त्या ब्रॉडबँडमध्ये असे २५६ पट्टे असतात. डोंगरउतारावर आमच्या पूर्वजांनी दुसरे काय केले? अख्खा उतार एकदम नांगरता येत नाही म्हणून त्याची खाचरे पाडली. जिथे माती तिथे भात, जिथे मुरूम तिथे नाचणी-वरई, कातळ असेल तर सोडून दिला. सरांनी मला ही पद्धत इंग्रजीत दोनदा सांगितली होती, तेव्हा कळली नव्हती. घरी खाचराच्या बांधावर उभी राहिले तेव्हा कळली.

सिऑफींनी १९९१ मध्ये अमाटी नावाची छोटी कंपनी काढली. १९९३ मध्ये त्यांची पद्धत अमेरिकेत मानक म्हणून निवडली गेली. म्हणजे पुढे ज्याला ज्याला तारेवरून असे ब्रॉडबँड द्यायचे त्याला त्याच वाटेने जावे लागणार. इथून गुंतवणूकदारांची स्वप्ने सुरू झाली. हिशेब सरळ: जगात टेलिफोनच्या तारा इतके कोटी, प्रत्येक तारेच्या टोकाला एक चिप, प्रत्येक चिपमागे इतके पैसे, करा गुणाकार. गुणाकारात चूक नव्हती. फक्त तो खंड कोणाच्या पदरात पडणार, हे त्या गुणाकारात लिहिलेले नव्हते. १९९७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या बलाढ्य कंपनीने अमाटी सुमारे ३९ कोटी ५० लाख डॉलरला, शेअरमागे २० डॉलर देऊन, विकत घेण्याचे ठरवले. पुढची रॉयल्टी आणि पुढच्या चिपा त्या मोठ्या घरच्या झाल्या. छोट्या भागधारकाला त्याचे वीस डॉलर मिळाले आणि तो बांधाबाहेर उभा राहिला. पुढे २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमने आपल्याकडे तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले, ते याच खाचरांच्या पद्धतीने. आज त्या काळच्या पेटंटांची मुदत संपली आहे, आणि तांब्याच्या जागी काचतंतू येतो आहे.

दुसरे उदाहरण आमच्या घरातून गेलेले आहे. २००३ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, माझ्या चुलत्यांनी पाचशे एक रुपये भरून रिलायन्सचा मोबाईल आणला होता. तो अजून फळीवर आहे, लहान मुले त्याच्याशी खेळतात. त्या फोनमधले सीडीएमए हे तंत्र क्वालकॉम या अमेरिकन कंपनीच्या पेटंटांवर उभे होते, आणि असा प्रत्येक फोन जगात कुठेही विकला गेला तरी तिला रॉयल्टी पोचत असे. याच कंपनीचा शेअर १९९९ या एका वर्षात सुमारे सत्तावीसपट झाला होता. डिसेंबरात एका विश्लेषकाने तो एक हजार डॉलरला जाईल असे भाकीत केले आणि त्याच दिवशी भाव उसळला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात कंपनीने आपला फोन बनवण्याचा कारखाना विकून टाकण्याचे जाहीर केले. कारखाना गेला आणि किंमत वाढली! ज्याच्याकडे नांगर नाही, बैल नाही, फक्त उतारा आहे, त्याला बाजाराने सर्वांत मोठा शेतकरी ठरवले. पुढच्या अडीच वर्षांत तो भाव शिखरापासून निम्म्याच्या कितीतरी खाली आला. कंपनी मोडली नाही, रॉयल्टीही येत राहिली. शिखरावर शेअर घेणाऱ्याला मात्र त्या रॉयल्टीचा काही उपयोग नव्हता, कारण त्याने पुढच्या अनेक वर्षांचा खंड आधीच मोजून दिला होता.

आता आमच्या घरचे सांगते. रस्त्याकडेची पाच गुंठे जमीन गेल्या वर्षी विकली. माझा थोरला चुलतभाऊ हिंजवडीत एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची गाडी चालवतो. त्याच्या गाडीत बसणारे तरुण चिपांविषयी बोलतात, आणि तो ऐकतो. मोबाईलवर त्याला शेअरचे निरोपही येतात. त्याच्या वाट्याच्या पैशांतले दोन लाख त्याने अशाच एका पेटंटवाल्या कंपनीत घातले. तिचे नाव मी लिहीत नाही. या लेखात आलेल्या कुठल्याही कंपनीचे ते नाव नाही. चार महिन्यांत दोन लाखांचे तीन लाख झाले आणि घरात त्याचा शब्द चालू लागला. मग आबांच्या वाट्याचे जे उरले होते, ज्यातून माझ्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालायचे आहे, त्यावर त्याची नजर गेली.

आबांनी मला विचारले, "तू शिकलेली हाईस. ह्ये पेटंट म्हंजी नक्की काय, आन् त्यांच्याकडं ते हाय का न्हाय, एवढं सांग."

मला हा प्रश्न फार आवडला. बाजारातल्या मोठमोठ्यांना जो सुचत नाही तो हा प्रश्न. "आहे का नाही?" कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी पेटंट कार्यालयाची नोंदवही पाहिली. ग्रंथपालांनी शोधायची रीत दाखवली. दोन दुपारी गेल्या. निरोपांमध्ये ज्याचा एवढा गाजावाजा होता ते पेटंट तिथे होते खरे, पण पेटंट म्हणून नाही, अर्ज म्हणून. अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो; पुढे तपासनीस तो तपासतो, हरकती काढतो, उत्तरे मागतो, आणि मग कुठे मंजूर किंवा नामंजूर. हे म्हणजे फेरफाराला अर्ज दिला आणि सातबारा नावावर झाला म्हणून पेढे वाटले, त्यातली गत. मी ते कागद छापून घरी नेले. दादाने ते हातात घेतले आणि म्हणाला, "अर्ज केलाय म्हंजी कवातरी व्हईलच की." भाव तेव्हा चढताच होता. चढत्या भावापुढे कागदाचे काही चालत नाही.

नंतर भाव उतरला. कशामुळे, ते कोणाला सांगता येत नाही. चढला होता कशामुळे तेही कोणी सांगितले नव्हते. आता दादाच्या दोन लाखांचे एक लाख दहा हजार आहेत आणि तो विकत नाही.

हे आमच्या एकट्या घराचे दुखणे नाही. सबंध महाराष्ट्राने पाहिलेले एक प्रकरण आठवते. त्यात पेटंट नव्हते, पण हवा तीच होती. टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) ही कंपनी पूर्वी मोबाईल सेवा देत असे. तो व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलकडे गेला आणि कंपनीकडे मुख्यतः उद्योग-व्यवसायांना तारेवरून ब्रॉडबँड आणि फोन देण्याचे काम राहिले. कंपनी तोट्यात होती, डोक्यावर कर्ज होते, आणि हे सर्व तिच्या छापील ताळेबंदात दिसत होते. तरी २०२० च्या वसंतात दोन-तीन रुपयांना मिळणारा तिचा शेअर जानेवारी २०२२ मध्ये २९० रुपयांच्या घरात पोचला. मग सरकारी देण्यांवरचे व्याज भागभांडवलात बदलण्याची बातमी आली, दिवसामागून दिवस भाव पडत गेला आणि मार्चपर्यंत तो निम्म्याहून खाली आला. दरम्यान कंपनीने तो व्याजाचा बेत सोडूनही दिला. इंटरनेटची तार तीच, गिऱ्हाईक तेच, ताळेबंद तोच. बदलले ते फक्त उद्या कोणीतरी आपल्यापेक्षा जास्त देईल हे वाटणे.

आमचे अर्थशास्त्राचे सर या बाबतीत माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की सट्ट्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण शेअर हवा तेव्हा विकता येतो या भरवशावरच पहिला माणूस नव्या शोधात पैसा घालायला धजतो. बाजार बंद केला तर शोधांनाही पैसा मिळणार नाही. यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करते. पण त्या पहिल्या माणसात आणि माझ्या चुलतभावात जे अंतर आहे ते सरांच्या मांडणीत पुसले जाते. दादाचे दोन लाख कुठे गेले? चिप तयार करणाऱ्या अभियंत्याकडे गेले नाहीत, प्रयोगशाळेत गेले नाहीत, कंपनीच्या तिजोरीतही गेले नाहीत. ज्याने तो शेअर आधी घेऊन ठेवला होता आणि ज्याला आता बाहेर पडायचे होते, त्याच्या खिशात गेले. आमच्या पाच गुंठ्यांतून एकही शोध एक बोटभर पुढे सरकला नाही.

खऱ्या गुंतवणूकदाराचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या मराठी माणसाच्या चरित्रात आहे. शंकर आबाजी भिसे मुंबईत १८६७ साली जन्मले. छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे 'भिसोटाइप' यंत्र त्यांनी विलायतेत सिद्ध केले. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यामागे आपले वजन आणि पैसा उभा केला. पुढे १९१० मध्ये जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्या भांडवलावर 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट' निघाले. या लोकांचा पैसा लोखंडात, कारागिरांच्या मजुरीत आणि पेटंटच्या शुल्कात गेला. तो बुडालाही, पहिले महायुद्ध आले, सिंडिकेट मोडले, भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांचे यंत्र जगातल्या छापखान्यांत जसे पोचायला हवे होते तसे पोचले नाही. पण बुडण्या-बुडण्यात फरक असतो. रतन टाटांना ठाऊक होते की आपण कोणत्या यंत्रावर, कोणत्या माणसावर पैसा लावत आहोत. ते यंत्र त्यांना उघडून पाहता येत होते. भिसेंचे नाव आज कितीजणांना आठवते हा प्रश्न वेगळा. आपल्या वर्गात मी विचारले तेव्हा दोन हात वर आले, त्यातला एक शंका विचारण्यासाठी होता.

रॉयल्टी हे काही भुताटकीचे उत्पन्न नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी पेटंटच्याच विरुद्ध आहे असा समज व्हायचा. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यात लावा या भारतीय मोबाईल कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपये भरायला सांगितले, कारण तिच्या फोनांत एरिक्सनचे पेटंट असलेले तंत्र परवान्याशिवाय वापरले गेले होते. खंड खरा असतो आणि तो वसूलही होतो. पण तो निकाल लागायला दाव्यानंतर नऊ वर्षे लागली, आणि दाव्यातल्या आठ पेटंटांपैकी एक न्यायालयाने अवैध ठरवले. ज्यांच्याकडे जगातले नामांकित वकील आहेत त्यांच्या आठ उताऱ्यांतला एक खोटा निघतो. मग मोबाईलवरच्या निरोपात आलेल्या उताऱ्याचे काय सांगावे!

आणि आता हे वेड शेअर घेऊन ठेवण्यापुरतेही राहिलेले नाही. आपल्या कॉलेजातली मुले मधल्या सुट्टीत वायदे आणि पर्याय यांचे सौदे करतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या सौद्यांतल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांनी पैसा गमावला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. राहिलेल्या सात जणांत आपण आहोत असे प्रत्येकाला वाटते. वर्गात सत्तर मुले असतील तर किती जणांचे ते खरे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मला खरी बोचणारी गोष्ट मात्र निराळी आहे. पेटंटच्या अर्जात दोन रकाने असतात, एक अर्जदाराचा आणि एक संशोधकाचा. नोकरीत असलेल्या अभियंत्याने शोध लावला तर संशोधक म्हणून त्याचे नाव येते, पण बहुधा अर्जदार आणि मालक कंपनीच असते. दादाच्या गाडीतून रात्री अकरा वाजता घरी जाणारी, डोळे मिटून बसलेली ती मुले दुसऱ्या रकान्यातली. हे मला नवे वाटले नाही. आमच्या सातबाऱ्यावर माझ्या आत्यांची नावे होती. दोघींनी हक्कसोड लिहून दिली. लावणीला त्या दोघी अजून येतात. पाच गुंठे विकले तेव्हा त्यांना साडी दिली.

आणि हे मुळशी तालुक्यालाही नवे नाही. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, याच तालुक्यात टाटा पॉवर कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती झालेले पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, मुंबईच्या भागधारकांना लाभांश. ज्या जमिनी बुडणार होत्या त्यांतल्या पुष्कळशा पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या, आणि सावकारांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाई सोयीची होती. कसणारा म्हणत होता 'जान किंवा जमीन', ज्याच्याकडे कागद होता तो रकमेची बोलणी करत होता. धरण झाले. आमचे खोरे त्यात बुडाले नाही, आमच्याकडे पाणी आले नाही. पण बुडालेल्या गावांतली नाती आमच्या घरांत आहेत. आजी सांगे की तिच्या माहेरच्या देवळाचा कळस तिच्या आईने पाण्यात जाताना पाहिला. कागदावरची मालकी आणि हातातली मालकी यांतला फरक ज्यांनी इतका जवळून पाहिला त्यांच्या पणतवंडांनी उतारा न बघता कागद घ्यावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

प्रत्येक शोधाची किंमत त्याच्या रॉयल्टीवरून ठरते असे मानणाऱ्यांना मी आमच्या कणगीतला तांदूळ दाखवीन. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी ही जात काढली आणि १९८७ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती दिली. आज मावळ-मुळशीत इंद्रायणी माहीत नाही असे घर नाही. पुण्याच्या दुकानांत तिच्या नावावर दुसराच तांदूळ खपवतात, इतकी तिची पत आहे. या शोधावर कोणी सट्टा लावला नाही, कोणाचा शेअर चढला नाही. आबा दरवर्षी पाच पायल्या बी राखून ठेवतात, पुढच्या साली पेरतात, शेजाऱ्याला देतात. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने हा शेतकऱ्याचा हक्कच मानला आहे. अर्थात चिप म्हणजे भाताचे बी नव्हे, तिच्या संशोधनाला लागणारा पैसा सरकारी केंद्रातून निघणार नाही, हे सर मला सांगतीलच. पण एखाद्या शोधाने किती घरांचे पोट भरले हेही कुठल्यातरी रकान्यात लिहिले जावे, एवढे मी म्हणेन.

आबांनी उरलेले पैसे सध्या पोस्टात ठेवले आहेत. धाकटीचा बारावीचा निकाल लागला की नर्सिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होईल. दादा म्हणतो, पोस्टात काय ठेवता, तोवर दुप्पट करून देतो. मी छापून आणलेले अर्जाचे कागद आबांनी घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले आहेत, आणि दादा बोलायला आला की ते ती पिशवी खाली काढतात.

(द्वितीय वर्ष, कला)